सात घागरी आणि एक बटण

आमच्या कॉलनीचं पाण्याचं अ‍ॅप चार महिने बिनबोभाट चाललं. कोणाची तक्रार नाही, कोणाचं भांडण नाही. साहजिकच पाणी समितीला काळजी वाटायला लागली. चार महिने जी गोष्ट नीट चालते तिच्यात काहीतरी सुधारणा करायला हवी, याबद्दल समितीत दुमत नव्हतं.

कॉलनी आमची केजला, गावाच्या जरा बाहेर. एकशे चाळीस घरं, एक बोअर, एक टाकी आणि आठ दिवसांतून एकदा चाळीस मिनिटं पाणी. ते नेमकं कधी सुटेल हे फक्त बोअरला माहीत. टाकी भरली की पाणी सोडणारा सुग्रीव वॉल्व्ह फिरवतो. पूर्वी तो सायकलवरून ओरडत जायचा. मग आमच्या गल्लीतल्या अभिमन्यूनं अ‍ॅप बनवलं. हा अभिमन्यू पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरी बसून करतो, म्हणजे दिवसभर हाफ पँटवर असतो आणि तरी त्याला पगार मिळतो. त्याचं अ‍ॅप म्हणजे पांढरा पडदा आणि त्यावर काळ्या अक्षरांत 'पाणी: नाही'. सुग्रीवनं वॉल्व्ह फिरवून त्याच्या फोनवरचं एकुलतं एक बटण दाबलं की सगळ्यांच्या फोनवर घंटा वाजायची आणि 'पाणी: हो' व्हायचं. संपलं. समोरच्या केसरबाईंना वाचता येत नाही, पण त्यासुद्धा म्हणायच्या, "ल्हान अक्षर आलं की घागर काढायची, मोठं असलं की झोपायचं. लई सोपं हाय."

तर या सोप्या गोष्टीला दृष्ट लागली ती आष्टीहून. समितीचे अध्यक्ष धर्मराजभाऊ यांचे मेहुणे तिथून आले होते. धर्मराजभाऊंना पुढची निवडणूक लढवायची आहे, म्हणून ते भेटेल त्याला कॉलनीची प्रगती दाखवतात. मेहुण्यांना त्यांनी अ‍ॅप दाखवलं. मेहुण्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "भाऊजी, हे कावून असं दिसायलंय? कुणी गेल्याचा निरोप असल्यावानी!"

त्या संध्याकाळी धर्मराजभाऊ आमच्या घरी आले. मी शाळेत चित्रकला शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत माझ्या कलेचा शाळेनं जो उपयोग केला तो असा: प्रमाणपत्रांवर नावं घालणं, साहेब येणार असतील तेव्हा फळ्यावर मोर काढणं आणि गणिताचे सर रजेवर असले की त्यांचा वर्ग गप्प बसवणं. त्यामुळे कोणी घरी येऊन, खुर्चीत पुढे सरकून, "सर, तुमच्यासारखा कलावंत कॉलनीत असताना हे अ‍ॅप असं दिसावं का?" असं विचारलं की माझ्यासारख्या माणसाचं काय होणार? मी चष्मा काढून पुसला. कलावंतानं लगेच हो म्हणायचं नसतं. मी चहा येईपर्यंत थांबलो आणि मग हो म्हणालो.

"वापरणाऱ्याच्या डोळ्याला आधी आनंद झाला पाहिजे," मी म्हणालो. "मग त्याचा हात आपोआप पुढे जातो."

"बगा! ह्येच पाहिजे होतं आमाला," धर्मराजभाऊ म्हणाले.

माझी बायको मंजुषा कप उचलताना म्हणाली, "हात पुढे जातो म्हणे. आपल्या स्वयंपाकघराचा रंग काढून दोन वर्षं झाली, तिकडे नाही जात तो."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. थोर कामाच्या सुरुवातीला घरचे लोक नेहमी असं बोलतात.

मी पहिलं चित्र काढलं ते, खरं सांगतो, वाईट नव्हतं. फिकट निळा पडदा, मधोमध एक थेंब. पण समितीचे सचिव मोहनराव हे निवृत्त तलाठी. ते म्हणाले, "एकच नमुना? असं न्हाई चालत. तीन नमुने द्या, तुलनात्मक तक्ता करा, सह्या घ्या, मग ठराव." मी तीन नमुने केले. तिन्हींवर शेरे आले. पार्लरवाल्या प्रियदर्शनी वहिनी म्हणाल्या, निळ्यानं पडदा थकलेला दिसतो, गुलाबी छटा द्या. धर्मराजभाऊ म्हणाले, थेंब एकच का? लोकांना वाटेल आपल्याकडे एकच थेंब आहे. मोहनराव म्हणाले, अ‍ॅप नुसतं पाण्याचं कशाला, त्यात वाढदिवस, निधन वार्ता, विकासकामं, सूचना, सगळं असू द्या. निधन वार्तेबद्दल ते फार आग्रही होते. निवृत्त माणसाला सकाळी सगळ्यात आधी हीच बातमी लागते, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

शेवटी तिन्ही नमुने एकत्र करायचे असं ठरलं. समिती कोणाला नाराज करत नाही, वापरणारा सोडून.

आता एवढ्या सगळ्या सोयींना बटणं हवीत. चौकोनी बटणं मला मान्य नव्हती. चौकोनी बटण म्हणजे कल्पनादारिद्र्य. मी सात घागरी काढल्या. एका ओळीत, तांब्याच्या, प्रत्येकीवर उजवीकडून ऊन पडलेलं. घागरींखाली नावं लिहायचा अभिमन्यूचा हट्ट होता. मी ती लिहिलीही, पण वळणदार अक्षरात आणि पुरेशी बारीक, म्हणजे घागरींच्या रेषेला बाधा येणार नाही.

पार्श्वभूमीला कपिलधारचा धबधबा हवा, ही कल्पना धर्मराजभाऊंची. त्यासाठी आम्ही त्यांच्या जीपमधून कपिलधारला गेलो. दिवस एप्रिलचे. धबधब्याच्या जागी ओला काळा कडा होता आणि त्यावरून एक बारीक धार अशी येत होती, की तिला धार म्हणायला श्रद्धा लागत होती. दर्शनाला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "कशाचा फोटो काढायलाव?" धर्मराजभाऊ म्हणाले, "पाण्याचा." बाईंनी कड्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि मुलाला जवळ ओढून घेतलं.

मोहनरावांनी फोटो काढले. प्रत्येक फोटोत पुढे धर्मराजभाऊ हात जोडून उभे होते. मी म्हणालो, नुसत्या कड्याचा एक काढू. ते म्हणाले, "काढा की. पण मी उगं कोपऱ्यात राहतो." घरी येऊन मी चार दिवस त्या कड्यावर पाणी रंगवलं. असं पाणी कपिलधारला भर श्रावणातसुद्धा पडत नसेल. आणि धर्मराजभाऊ कोपऱ्यात राहिले ते कायमचे. अ‍ॅपचं कोणतंही पान उघडा, वरच्या कोपऱ्यात ते हात जोडून उभे.

अभिमन्यूनं हे सगळं पाहिलं आणि फोन उलटा करून पुन्हा सुलटा केला. तो माझाच विद्यार्थी. सहावीत मी त्याला चित्रकलेत 'क' श्रेणी दिली होती आणि त्याच्या मनात ते अजून आहे, असं मला त्या दिवशी वाटलं.

"सर, पाणी आलंय की नाही हे कुठं दिसतं?"

"धबधब्याच्या पायथ्याशी. सोनेरी अक्षरात."

"पांढऱ्या फेसावर सोनेरी?"

"त्याला तरलता म्हणतात."

"सर, हे उघडायलाच अर्धा मिनिट लागायलंय. आणि सुग्रीवमामाला यातली पाण्याची घागर कशी कळणार?"

मी सुग्रीवलाच बोलावलं. तोही बिचारा फोन हातात धरून घागरींकडे बघत राहिला. "सर, पान्याची कंची?"

"डावीकडून तिसरी. तिचा गळा निमुळता आहे बघ. आणि झेंडूचा हार."

"चौथीला बी हार हाय की."

"तो निशिगंधाचा. ती निधन वार्ता."

सुग्रीव म्हणाला, "बरं." बरं म्हणणारा माणूस समजला असं आपण धरून चालतो. मीही चाललो.

उद्घाटन झालं. नारळ फुटला, बॅनर लागला, त्यावर अ‍ॅपपेक्षा धर्मराजभाऊ मोठे. माझं नाव 'सौजन्य' या शब्दानंतर होतं आणि 'विजयसिंह'मधला एक अनुस्वार छापणाऱ्यानं वाचवला होता. पण लोकांनी कौतुक केलं. "सर, लईच भारी दिसायलंय," असं मला आठ दिवसांत किमान तीस जण म्हणाले. त्यातल्या एकानंही अ‍ॅप दुसऱ्यांदा उघडलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. फक्त केसरबाई रोज उघडायच्या. त्यांना अक्षर सापडेना, पण धो धो पाणी मात्र दिसायचं. त्यांनी सरळ अर्थ घेतला. फोनात एवढं पाणी दाखवायलेत म्हणजे आता येतंच. त्यांनी नळाखाली घागर लावली, शेजारी पाणी साठवायचं टिप, हंडे, परात, आणि तीन दिवस ओट्यावर वाट बघत बसल्या. येता-जाता मला विचारायच्या, "कवा यायचंय वो सर? फोनात तर कवाचंच आलंय."

मी हसून म्हणायचो, "केसरबाई, ते चित्र आहे."

"मंग खोटं कावून दाखवायलाव?"

या प्रश्नाला कलेच्या शास्त्रात उत्तर आहे. ते मला त्या वेळी आठवलं नाही.

गुरुवारी सकाळी सात वाजता टाकी भरली. सुग्रीवनं वॉल्व्ह फिरवला, एका हातात चावी, दुसऱ्या हातात फोन, आणि ओल्या अंगठ्यानं हार असलेली घागर दाबली. हार बरोबर होता. फूल चुकलं.

एकशे चाळीस फोनांवर बासरी वाजली. (घंटा मला कर्कश वाटायची, म्हणून बासरी. हीसुद्धा माझीच देणगी.) पडद्यावर काळी चौकट आली, आत 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि नाव लिहायच्या जागी नाव नव्हतं, कारण ते सुग्रीवनं लिहिलं नव्हतं. वर कोपऱ्यात मात्र धर्मराजभाऊ हात जोडून उभे होते. इतक्या वर्षांच्या सार्वजनिक आयुष्यात त्यांचे हात इतके समर्पक ठिकाणी कधी जोडले गेले नसतील.

सगळी कॉलनी त्यांच्या घराकडे धावली. मीही पांढरा शर्ट घालून निघालो. अंगणात बायका, ओट्यावर पुरुष, मोहनराव तर वाटेत कुठून तरी हारसुद्धा घेऊन आले होते. धर्मराजभाऊंच्या पत्नी घरात बाथरूमचं दार बडवत होत्या, "अवो, हायसा का? नुसतं हाय म्हना!" आतून पाण्याचा आवाज आणि खाकरणं ऐकू आलं, तरी लोकांची खात्री पटेना. अखेर दार उघडून धर्मराजभाऊ टॉवेलवर, तोंडाला फेस, हातात ब्रश अशा अवस्थेत बाहेर आले. एवढी माणसं बघून त्यांचा चेहरा उतरला.

"कोन गेलं बे?"

मोहनराव जुने सरकारी माणूस, माहिती दडवणं त्यांच्या स्वभावात नाही. हार पाठीमागे नेत ते म्हणाले, "तुमीच."

मग फोन दाखवले गेले, मग माझ्याकडे बघितलं गेलं. धर्मराजभाऊंचा फोन वाजला. आष्टीच्या मेहुण्यांनाही कोणीतरी कळवलं होतं; ते जीप घेऊन निघाले होते, रडत होते आणि दहनाची वेळ विचारत होते. धर्मराजभाऊ त्यांना स्वतःच समजावत होते की मी धर्मराजच बोलतोय, आणि मेहुणे म्हणत होते, आवाज सेम हाय हो, भावकीतलेच का तुमी?

या गडबडीत कोणीतरी म्हणालं, "पानी वाजायलंय का कुटं?"

आमच्याकडे नळाला तोटी कोणी बसवत नाही. आठ दिवसांतून एकदा येणाऱ्या पाण्याला अडवायचं कशाला? एकशे चाळीस घरांचे नळ चाळीस मिनिटं मोकळे वाहिले आणि सगळं पाणी गटारातून शिस्तीत निघून गेलं. आम्ही धावत घरी पोहोचलो तेव्हा नळाला शेवटचे दोन थेंब होते. माझ्या पहिल्या चित्रात होता त्याच्यापेक्षा एक जास्त.

आमच्या घरी त्याच दिवशी नांदूरघाटहून सासूबाई आल्या. सोबत नऊ माणसं. लग्नाला निघाले होते, वाटेत अंघोळीला उतरले. मंजुषानं रिकामी कळशी माझ्या पायाशी ठेवली आणि सासूबाईंना मोठ्यानं म्हणाली, "आई, यांना पाण्याचं चित्र फार छान काढता येतं."

अख्ख्या कॉलनीत त्या दिवशी एकाच घरात पाणी होतं. केसरबाईंकडे. त्यांना श्रद्धांजली वाचता आली नव्हती आणि धबधब्यावर त्यांचा विश्वास होता. मी कळशी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी दोन घागरी दिल्या. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सभा. घागरी कोणी काढल्या, सरांनी. हार, सरांनी. धबधबा? तोही सरांनीच रंगवला की. गुलाबी छटा आपण सुचवली हे प्रियदर्शनी वहिनींना आठवेना. निधन वार्ता कोणाची कल्पना, असं मी विचारलं तेव्हा मोहनराव इतिवृत्त चाळायला लागले आणि त्यांना ठराव सापडला: 'सरांनी स्वतःच्या कल्पनेनुसार अ‍ॅप आकर्षक करावे.' मला सात दिवसांत तीन प्रतींत लेखी खुलासा द्यायला सांगण्यात आलं.

मी खुलासा लिहिला. मन दुखावलेलं होतं, म्हणून अक्षर अधिकच वळणदार आलं. भोवती वेलबुट्टीची चौकट काढली, कारण समितीसमोर आपली पातळी सोडायची नव्हती. दोन दिवसांनी तो परत आला. वर मोहनरावांचा शेरा: 'वाचता येत नाही. सबब परत.'

तो शेरा मात्र वाचता येत होता. साधं, किरटं, तलाठ्याचं अक्षर, पण पहिल्या नजरेत कळलं. मग मी माझा खुलासा वाचायला घेतला.

अभिमन्यू आला तो त्याच वेळी. "सर, एक काम कराल? मी लोकांना जुनं अ‍ॅप परत देऊ शकतो, पण ते खरंच मेल्यासारखं दिसायचं, ते मेहुण्यांचं म्हणणं बरोबर होतं. तुम्ही एक सकाळ केसरबाईंच्या ओट्यावर बसा आणि एक सकाळ सुग्रीवमामाजवळ. बोलायचं नाही. नुसतं बघायचं."

सव्वीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की आधी बघा, मग काढा. हे मला 'क' श्रेणीच्या मुलानं सांगावं! पण मी गेलो.

केसरबाई फोन पदराला पुसतात. चष्मा नाही, त्यामुळे हात लांब करून, उन्हाकडे तोंड करून धरतात. त्या उन्हात माझी गुलाबी छटा, सोनेरी अक्षर, घागरींवरचा प्रकाश, सगळं धुऊन निघायचं. काचेवर उरायचं ते आभाळ आणि केसरबाईंचं स्वतःचं तोंड. त्या ते तोंड बघून फोन खाली ठेवायच्या, पुन्हा उचलायच्या. सुग्रीवकडे तर एकच हात मोकळा, तोही ओला. मी शेकडो तास त्या पडद्याकडे बघितलं होतं, पण पंख्याखाली, खुर्चीत, कोरड्या हातानं. मला लाज वाटली. धर्मराजभाऊंच्या अंगणात वाटली होती तशी नाही. ती लोकांसमोरची होती. ही एकट्याची होती.

मग मी कामाला लागलो. पाणी नसेल तेव्हा अख्खा पडदा तापलेल्या जमिनीसारखा तपकिरी. पाणी असेल तेव्हा अख्खा निळा. मध्ये एक शब्द, आडदांड पांढऱ्या अक्षरात. सुग्रीवच्या फोनवर अर्ध्या पडद्याएवढं एकच बटण, कोपराने दाबलं तरी लागेल असं. बासरी गेली, घंटा आली. एवढंच. पण तो निळा सापडायला मला अकरा दिवस लागले. दुपारी बारा वाजता गच्चीवर उभा राहून मी फोन उन्हात धरायचो, आणि खाली येऊन थोडा गडद करायचो, पुन्हा वर जायचो. मंजुषा खालून विचारायची, "सापडला का?" शेवटी शेवटी तीच वर येऊन बघायला लागली. "हा नाही. हा शाईसारखा दिसतो," म्हणायची. अकराव्या दिवशी म्हणाली, "हा पाण्यासारखा आहे." तिनं माझ्या कामाबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द, म्हणून मी रंग तिथंच थांबवला.

समितीनं नवं अ‍ॅप पाहिलं. मोहनराव म्हणाले, "यात सरांनी केलं काय? एक रंग तर फासलाय. असं तर कुनीबी करील." धर्मराजभाऊंनी फक्त एक गोष्ट तीनदा तपासली, आपला फोटो कुठं राहिला तर नाही ना. नाही म्हटल्यावर त्यांनी सही केली. माझं नाव कुठंही टाकायचं नाही, असाही ठराव झाला. तो एकमतानं झाला.

रविवारी सकाळी घंटा वाजली. मी फोन बघायच्या आत गल्लीतली दारं उघडली. कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाला विचारलं नाही. हंडे, टिप, बादल्या भराभर बाहेर आल्या. केसरबाई ओट्यावर होत्या. त्यांनी फोन उन्हात लांब धरला, एक क्षण, जेमतेम एक क्षण, आणि पायरीवर ठेवून नळाकडे वळल्या.

मी त्यांच्या मागोमाग गेलो. मला राहवलं नाही. "केसरबाई, निळा रंग कसा वाटला?"

"कोनचा निळा?"

"अ‍ॅपचा. आत्ता बघितलात ना, तो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कामाच्या वेळी आडव्या आलेल्या माणसाकडे पाहतात.

"अवो सर, पानी आलंय! उगं नळापाशी काय हुबे? सरका की तिकडं, घागर भरायलीय."

मी सरकलो.